पीटर मॅकपार्लंडला त्या एका धडकेपुरतं ठेवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर जुन्या गाजलेल्या फायनल्सची जी लेखमाला चालू आहे ती आमच्या घरात सगळेच वाचतात. मराठीत फुटबॉलच्या इतिहासाला एवढी जागा कुणीतरी देतंय याबद्दल आधी मनापासून आभार. पण १९५७ च्या एफए कप (इंग्लंडमधल्या क्लबांची नॉकआउट स्पर्धा) फायनलवरचा भाग वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. त्यात ॲस्टन व्हिलाच्या पीटर मॅकपार्लंडचा उल्लेख आलाय तो मँचेस्टर युनायटेडच्या गोलकीपरला जायबंदी करणारा विंगर (मैदानाच्या कडेने खेळणारा फॉरवर्ड) म्हणून, आणि त्याच मॅचमध्ये त्याने दोन गोल मारून कप जिंकून दिला ही गोष्ट अर्ध्या वाक्यात उरकलीय. म्हणजे त्या माणसाची अख्खी कारकीर्द ती धडक झाली त्या सहाव्या मिनिटालाच संपवून टाकली. हे फक्त आपल्याकडेच होतंय असं नाही, इंग्लंडमध्येही वर्षानुवर्षं हेच चाललं. पण मराठी वाचकाला तो पहिल्यांदाच भेटतोय ना, मग निदान नीट भेटू दे.

आधी ती धडकच बघू, कारण ती टाळून पुढं जाता येणार नाही. ४ मे १९५७, वेम्बली, ॲस्टन व्हिला विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. मॅकपार्लंडने हेडर मारला, युनायटेडच्या रे वूडने तो पकडला, आणि धावत आलेला मॅकपार्लंड थांबला नाही, सरळ त्याच्यावर जाऊन आदळला. वूडच्या गालाचं हाड मोडलं, त्याला बाहेर न्यावं लागलं. बदली खेळाडू ही भानगडच तेव्हा नव्हती, इंग्लिश लीगमध्ये सबस्टिट्यूट आले १९६५ मध्ये, म्हणजे आठ वर्षांनंतर. मग सेंटर हाफ, म्हणजे मधला डिफेंडर, जॅकी ब्लँचफ्लॉवर गोलमध्ये उभा राहिला आणि युनायटेड जवळपास सगळी मॅच दहा धडधाकट माणसांवर खेळली, वूड मधेच परत आला पण विंगवर नुसता संख्या भरायला. प्रेक्षकांनी मॅकपार्लंडला त्यानंतर बॉल मिळाला की हुर्यो उडवायला सुरुवात केली. हे सगळं खरं आहे आणि ती धडक जोराची होती हेही खरं आहे, आज तशी धडक दिली तर थेट रेड कार्ड, त्यात वादच नाही.

पण आजचा नियम तेव्हाच्या माणसाला कसा लावायचा? त्या काळी गोलकीपरच्या हातात बॉल असताना त्याला खांद्याने धक्का द्यायला नियमानेच परवानगी होती आणि प्रत्येक फॉरवर्डला लहानपणापासून तेच शिकवलेलं असायचं की कीपरने बॉल पकडला तरी तू जा, सुटेल हातातून. आता आदल्या वर्षीची फायनल बघा, १९५६. मँचेस्टर सिटीचा गोलकीपर बर्ट ट्राउटमन बर्मिंगहॅमच्या खेळाडूच्या पायांवर झेपावला आणि मानेचं हाड मोडलेलं असताना शेवटपर्यंत खेळला, ते हाड मोडलंय हे नंतर कळलं. त्याला धडकलेल्या खेळाडूला आज कुणी व्हिलन म्हणत नाही. आणि पुढच्या वर्षीची बघा, १९५८. बोल्टनच्या नॅट लॉफ्टहाउसने युनायटेडच्या हॅरी ग्रेगला बॉलसकट गोललाइनच्या आत ढकललं आणि रेफरीने तो गोल दिला. दिला! आज लॉफ्टहाउसच्या त्या गोलबद्दल लोक कौतुकाने बोलतात, जुन्या मर्दानी फुटबॉलचा नमुना वगैरे. लागोपाठ तीन वर्षं तीन फायनल, तिन्हीत गोलकीपर जमिनीवर, आणि त्यातल्या एकट्या मॅकपार्लंडच्या नावावर डाग. याला काय न्याय म्हणायचं?

डाग का राहिला याचं कारण मला तरी असं वाटतं की त्यानंतर नऊ महिन्यांनी म्युनिक झालं. ६ फेब्रुवारी १९५८ ला युनायटेडच्या टीमचं विमान तिथून उडताना कोसळलं, आणि वेम्बलीवर मॅकपार्लंडसमोर जे अकरा उतरले होते त्यातले सहा जण गेले. रॉजर बर्न, एडी कोलमन, डंकन एडवर्ड्स, बिली व्हेलन, टॉमी टेलर, डेव्हिड पेग. जॅकी ब्लँचफ्लॉवर आणि जॉनी बेरी वाचले पण परत कधी खेळू शकले नाहीत. त्या पोरांची ती फायनल मग त्यांच्याकडून हिसकावून घेतलेली फायनल अशीच लोकांच्या मनात बसली, लीग जिंकलेली टीम होती, कप जिंकला असता तर त्याच सीझनमध्ये लीग आणि कप दोन्ही, जे विसाव्या शतकात तोवर कुणालाच जमलं नव्हतं. ते दुःख खरंच आहे आणि त्यापुढे मान खालीच घालावी. पण त्या दुःखाचा हिशोब एका तेवीस वर्षांच्या विंगरकडून कशाला वसूल करायचा? आणि लेखात एक गोष्ट राहिलीच, की लीग आणि कप एकत्र जिंकणारा शेवटचा क्लब होता खुद्द ॲस्टन व्हिला, १८९७ साली. म्हणजे व्हिलाचे लोक त्या दिवशी साठ वर्षांचा आपला विक्रम राखायला पण उतरले होते. पुढं १९६१ मध्ये टॉटनहॅमने तो डबल केला तेव्हा कॅप्टन होता डॅनी ब्लँचफ्लॉवर, जॅकीचा थोरला भाऊ आणि नॉर्दर्न आयर्लंडच्या टीममध्ये मॅकपार्लंडचाही कॅप्टन.

जॅकी आणि मॅकपार्लंड पण एकाच देशाकडून खेळायचे हे लक्षात घ्या.

आता ते दोन गोल. धडकेनंतर तासभर हुर्यो ऐकत खेळायचं आणि तरी योग्य जागी पोचायचं, हे किती अवघड आहे ते मैदानावर खेळलेल्या कुणालाही विचारा. अडुसष्टाव्या मिनिटाला कॅप्टन जॉनी डिक्सनचा क्रॉस आला आणि मॅकपार्लंडचा हेडर आत. पाचच मिनिटांनी बारला लागून परत आलेला बॉल त्याने जोरात आत मारला. टॉमी टेलरने शेवटी एक परत केला पण २–१ वर मॅच संपली. व्हिलाचा तो सातवा एफए कप, तेव्हाचा विक्रम, आणि त्यानंतर आजपर्यंत व्हिलाला तो कप परत मिळालेला नाही. त्याआधी सेमीफायनलमध्ये वेस्ट ब्रॉमशी २–२ झाली होती त्यातले दोन्ही गोल याचेच, म्हणजे तो नसता तर व्हिला वेम्बलीलाच गेली नसती.

तर हा माणूस होता कोण? जन्म २५ एप्रिल १९३४, न्यूरी, नॉर्दर्न आयर्लंडचं अगदी सीमेवरचं गाव. आयर्लंडची फाळणी झाली तशी तिथल्या फुटबॉलचीही झाली, १९२१ पासून बेलफास्टला एक संघटना आणि डब्लिनला दुसरी, आणि १९५० पर्यंत तर दोन्ही संघटना आयर्लंड याच नावाने एकमेकींचे खेळाडू खेळवायच्या, हा गोंधळ आपल्याकडच्या वाचकाला कुणीतरी सांगायला हवा कारण त्याशिवाय 'आयरिश' म्हणजे नेमकं कोण ते कळतच नाही. मॅकपार्लंड उत्तरेत जन्मला पण पहिलं नाव कमावलं ते सीमेपलीकडे वीसेक किलोमीटरवर असलेल्या डंडॉककडून, म्हणजे दक्षिणेच्या लीगमध्ये. तिथून १९५२ मध्ये व्हिलाने त्याला ३,८८० पौंडांना घेतलं. वय अठरा. त्या वेळी इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगारावर कायद्यासारखी मर्यादा होती, तू कितीही गोल मार, ठरलेल्या आकड्याच्या वर क्लब देऊच शकत नव्हता. १९५८ मध्ये तो आकडा आठवड्याला वीस पौंड होता आणि मर्यादा उठली थेट जानेवारी १९६१ मध्ये. वर्ल्डकप गाजवून आलेला माणूस वीस पौंडांवर खेळत होता, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

आणि विंगर म्हणजे तेव्हा काय ते पण सांगितलं पाहिजे. अकरा नंबरचा शर्ट, डावी टचलाइन धरून उभं राहायचं, बॉल मिळाला की फुलबॅकला चकवायचं आणि क्रॉस टाकायचा, गोल मारायचं काम मधल्या सेंटर फॉरवर्डचं. नॉर्दर्न आयर्लंडच्या उजव्या बाजूला बिली बिंगहॅम असायचा तो असाच, बुटका, चपळ, बॉल पायाला चिकटलेला. मॅकपार्लंडची घडण वेगळी होती. उंचापुरा, दणकट, हेडर सेंटर फॉरवर्डला लाजवेल असा, आणि मुख्य म्हणजे उजवीकडून क्रॉस येतोय हे दिसलं की तो टचलाइन सोडून लांबच्या पोस्टवर धावत यायचा, जिथं त्याच्याकडे बघायला कुणी डिफेंडर नसायचाच कारण सगळे मधल्या माणसाला धरून बसलेले. आज प्रत्येक मोठ्या टीमचा विंगर आत घुसून गोल मारतो आणि आपण त्याला मॉडर्न फुटबॉल म्हणतो. व्हिलाकडून लीगच्या २९३ मॅचमध्ये ९८ गोल, आणि हे विंगवरून. मी त्याच्या खेळाची जी काही जुनी ब्लॅक अँड व्हाइट फुटेज पाहिलीय त्यात हेच दिसतं, बॉल पलीकडे आहे तेव्हाच तो धावायला सुरुवात करतो.

नॉर्दर्न आयर्लंडकडून पहिलीच मॅच ३१ मार्च १९५४, रेक्सहॅमला वेल्सविरुद्ध. अजून वीस पूर्ण नव्हते. नॉर्दर्न आयर्लंड २–१ ने जिंकलं, दोन्ही गोल याचे.

पण खरं सांगायचंय ते स्वीडनबद्दल. १९५८ चा वर्ल्डकप म्हटलं की आपल्याकडे एकच चित्र, सतरा वर्षांचा पेले. ते योग्यच आहे, पेले पेलेच. पण त्या वर्ल्डकपमध्ये पेलेचे गोल सहा आणि मॅकपार्लंडचे पाच. ब्राझीलचा सेंटर फॉरवर्ड वावा, त्याचेही पाचच. आणि पेले-वावाच्या मागं गारिंचा, दीदी असा अख्खा ब्राझील होता, मॅकपार्लंडच्या मागं होता जेमतेम चौदा लाख वस्तीचा मुलूख. तिथं पोचणंच केवढी गोष्ट होती, पात्रता फेरीच्या ग्रुपमध्ये इटली आणि पोर्तुगाल. इटलीविरुद्धची निर्णायक मॅच डिसेंबर १९५७ मध्ये बेलफास्टला ठरलेली, पण हंगेरीचा रेफरी लंडनच्या धुक्यात अडकला आणि पोचलाच नाही, मग जमलेल्या लोकांसाठी ती फ्रेंडली म्हणून खेळवली, त्यात एवढी मारामारी झाली की प्रेक्षक मैदानात घुसले. खरी मॅच झाली १५ जानेवारी १९५८ ला, नॉर्दर्न आयर्लंड २, इटली १. दोन वेळचे वर्ल्ड चॅम्पियन घरी. त्यानंतर इटली वर्ल्डकपला चुकली ती थेट २०१८ मध्ये.

मॅनेजर पीटर डोहर्टी, स्वतः एकेकाळचा मोठा फॉरवर्ड. म्युनिकमुळे जॅकी ब्लँचफ्लॉवरचं खेळणं संपलेलं, म्हणजे डिफेन्सचा कणाच गेला. गोलकीपर हॅरी ग्रेग तर त्या विमानातूनच वाचलेला आणि आत परत जाऊन लोकांना बाहेर काढलेला माणूस, तो विमानाऐवजी बोटीने स्वीडनला गेला. शिवाय घरचीच अडचण, बेलफास्टच्या संघटनेत रविवारी खेळायचं नाही असा नियम आणि ग्रुपच्या दोन मॅच नेमक्या रविवारी, त्यावर केवढा गदारोळ झाला, टीमने जाऊच नये असं म्हणणारेही होते. तरी गेले.

पहिली मॅच चेकोस्लोव्हाकियाशी १–० जिंकले, गोल विल्बर कुशचा. दुसरी अर्जेंटिनाशी, चौथ्याच मिनिटाला मॅकपार्लंडने गोल मारला पण नंतर अर्जेंटिनाने ३–१ ने हरवलं. तिसरी मॅच पश्चिम जर्मनीशी, चालू वर्ल्ड चॅम्पियन. मॅकपार्लंडने पुढं नेलं, हेल्मुट राहनने बरोबरी केली. मॅकपार्लंडने परत पुढं नेलं, शेवटी उवे झेलरने बरोबरी केली, २–२. वर्ल्ड चॅम्पियनच्या पुढं दोनदा! ग्रेगने त्या दिवशी काय काय अडवलं याची वर्णनं अजून निघतात आणि त्या स्पर्धेचा सर्वोत्तम गोलकीपर म्हणून त्याचीच निवड झाली.

आता चेकोस्लोव्हाकिया आणि नॉर्दर्न आयर्लंडचे पॉइंट सारखे झाले. तेव्हा अशा वेळी प्लेऑफ, म्हणजे त्या दोघांतच आणखी एक निर्णायक मॅच, खेळवायचे. तोही दोनच दिवसांनी, १७ जूनला, माल्मोमध्ये. ग्रेग जखमी म्हणून नॉर्मन अपरिचर्ड गोलमध्ये, त्याचाही हात मॅच चालू असताना मोडला. बर्टी पीकॉकचा गुडघा गेला. बदली कुणीच नाही, सगळे तसेच लंगडत खेळत राहिले. चेकोस्लोव्हाकिया १–० पुढं, हाफटाइमच्या तोंडावर मॅकपार्लंडने बरोबरी केली, आणि एक्स्ट्रा टाइममध्ये ९७ व्या मिनिटाला दुसरा. २–१. क्वार्टर फायनल. इंग्लंड आणि स्कॉटलंड ग्रुपमध्येच घरी गेले होते आणि इकडे हे अर्ध्या जखमी टीमचे लोक पहिल्या आठात.

परत दोन दिवसांनी, १९ जूनला, लांबच्या बसप्रवासानंतर नॉर्शोपिंगला फ्रान्सशी मॅच. पाच दिवसांत तिसरी, त्यात एक एक्स्ट्रा टाइमवाली. ग्रेग दुखऱ्या पायाने उतरला. ४–० हरले, जुस्त फॉन्तेनचे दोन, ज्याने त्या वर्ल्डकपमध्ये तेरा गोल मारले. आणि योगायोग बघा, नेमक्या त्याच दिवशी गोथेनबर्गला वेल्सविरुद्ध पेलेने आपला पहिला वर्ल्डकप गोल मारला. जगाने तिकडं बघितलं, साहजिकच आहे. पण नॉर्दर्न आयर्लंडने अख्ख्या स्पर्धेत सहा गोल केले त्यातले पाच एका डाव्या विंगरचे, आणि आयर्लंडच्या दोन्ही बाजू धरून कुणाचेही वर्ल्डकपमध्ये एवढे गोल आजपर्यंत नाहीत. हे लेखात आलंच पाहिजे होतं.

पुढची वर्षं मी थोडक्यात सांगतो. १९५९ मध्ये व्हिला खालच्या डिव्हिजनला घसरली, दुसऱ्याच वर्षी चॅम्पियन होऊन वर आली, त्यात याचे ढीगभर गोल. मग लीग कप नावाची स्पर्धा नवीन सुरू झाली, पहिल्याच फायनलमध्ये रॉदरहॅमशी पहिला लेग (फायनलच्या दोन मॅचपैकी पहिली) ०–२ हरलेली व्हिला सप्टेंबर १९६१ मध्ये घरी ३–० जिंकली आणि एक्स्ट्रा टाइममधला तो तिसरा, निर्णायक गोल परत मॅकपार्लंडचाच. एफए कप आणि लीग कप दोन्ही फायनलमध्ये गोल मारून दोन्ही जिंकणारा तो पहिला खेळाडू. नंतर वुल्व्ह्ज, प्लिमथ, तिथून खालच्या लीगमध्ये.

मला सगळ्यात आवडतं ते त्यानंतरचं, कारण बहुतेकांची कारकीर्द इथं विझते. १९६७ मध्ये व्हिलाचाच माजी खेळाडू फिल वूसनम अमेरिकेत अटलांटा चीफ्स नावाची टीम उभी करत होता, मॅकपार्लंड तिकडं गेला. तिशी ओलांडलेला. १९६८ मध्ये अटलांटाने तिथली लीग जिंकली आणि फायनलमध्ये एक गोल याचा. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडचे चॅम्पियन मँचेस्टर सिटी तिथं आले आणि अटलांटाने त्यांना एकदा नाही, दोनदा हरवलं. त्या टीममध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोचा एक तरुण पोरगा होता कायझर मोताउंग, त्याने १९७० मध्ये घरी जाऊन जो क्लब काढला तो कायझर चीफ्स, नावातलं चीफ्स अटलांटाचंच. आज आफ्रिकेतल्या सगळ्यात मोठ्या क्लबपैकी एक. मग मॅकपार्लंड बेलफास्टला ग्लेनटोरनचा प्लेअर मॅनेजर झाला आणि १९७० मध्ये आयरिश लीग जिंकून दिली.

मे २०२५ मध्ये तो गेला, ९१ व्या वर्षी. नॉर्दर्न आयर्लंडकडून ३४ मॅच, १० गोल, त्यातले निम्मे त्या एका जूनमधले. तेव्हा आपल्या पानावर दोन ओळी पण आल्या नव्हत्या, आणि आता आलं ते असं. कोल्हापूर, मुंबई, गोव्यात जुनं फुटबॉल जीव लावून वाचणारी माणसं आहेत, त्यांना हे नाव आधी त्याच्या गोलमुळे कळावं एवढीच माझी तळमळ आहे.

म्हणून विनंती अशी की लेखमाला पुढं १९५८ वर येईल तेव्हा पेले, फॉन्तेन यांच्याबरोबर माल्मोच्या त्या प्लेऑफला एक पूर्ण भाग द्यावा. त्या नॉर्दर्न आयर्लंडचा मॅकपार्लंडसोबतचा दुसरा विंगर बिली बिंगहॅम, ज्याने नंतर मॅनेजर म्हणून १९८२ आणि १९८६ अशा दोन वर्ल्डकपला हीच टीम नेली आणि १९८२ मध्ये यजमान स्पेनला हरवलं, त्याच्याबद्दलही त्यात लिहावं. आणि ही मालिका पुस्तकरूपाने निघणार असेल तर १९५७ च्या भागात ट्राउटमन आणि लॉफ्टहाउसच्या फायनल्स शेजारी ठेवून तो परिच्छेद परत लिहावा. माझ्याकडे जमवलेली कात्रणं आहेत, हवी असतील तर कार्यालयात आणून देईन.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर